कोहळा कोरणारे हात

ऑक्टोबर महिना सरत आला की नागपूर-पुण्याच्याच नव्हे, तर गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानांतूनही आता दात विचकणारे नारिंगी प्लास्टिकचे भोपळे टांगलेले दिसू लागले आहेत. काही इंग्रजी माध्यमाच्या बालवाड्या 31 ऑक्टोबरला 'हॅलोविन' साजरा करतात आणि मुलांना काळे झगे, टोकदार टोप्या व मुखवटे आणावयास सांगतात. पालकांचा एक वर्ग ह्या प्रकाराने हरखून जातो. आपले मूल जगाच्या बरोबरीने चालले आहे असे त्याला वाटते. दुसरा वर्ग संतापतो आणि 'ही आपली संस्कृती नव्हे' असे सांगून मोकळा होतो. दरवर्षी हा वाद आठवडाभर रंगतो आणि दिवाळीच्या फटाक्यांसारखा विझून जातो. माझा ह्या दोन्ही पक्षांशी मतभेद आहे आणि त्याचे कारण एकच आहे. सण कोठून आला एवढेच दोघे विचारतात. त्या सणात मुलाच्या हाताला कोणते काम मिळते, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

प्रथम वंशावळीचा प्रश्न निकालात काढू. आमच्या आमगाव-सालेकसा भागात कोहळा म्हटले की बहुधा लाल भोपळाच समजतात. सणासुदीला कोहळ्याची बोंडे तळतात ती ह्याच फळाची. पश्चिम महाराष्ट्रात मात्र कोहळा म्हणजे राखी सालीचे, पांढऱ्या गराचे फळ होय. हे राखी फळ आशियातील जुने आहे. लाल भोपळा तसा नाही. तो मूळचा अमेरिका खंडातील. मेक्सिकोच्या ओआहाका भागातील एका गुहेत लागवडीखालील भोपळ्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका आणि पेरू ह्यांच्याप्रमाणेच हा भोपळाही सोळाव्या शतकापासून युरोपीय गलबतांतून आपल्याकडे आला. येथे आल्यावर त्याने कवेलूंच्या छपरांवर जागा मिळविली आणि आमच्याकडे तर एका जुन्या फळाचे नावही घेतले. आज त्याला परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

हॅलोविनची वंशावळही अशीच सरमिसळीची आहे. तो मूळचा अमेरिकेचा सण नव्हे. आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्टिक शेतकरी समाजात सुगी संपून हिवाळा सुरू होताना 'साउइन' नावाचा सण होत असे. त्या रात्री मृतांचे आत्मे फिरतात असा समज होता. पुढे त्यावर ख्रिस्ती संतदिनाचा संस्कार झाला. तेथील गोरगरीब सलगमासारखे कंद कोरून त्यांत दिवा ठेवीत. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळ ओढवला. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्या काळातही आयर्लंडमधून धान्याची निर्यात चालू होती, हे भारतातील 1876-78 च्या दुष्काळाचा इतिहास जाणणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. ह्या निर्वासितांपैकी बहुसंख्य अमेरिकेस गेले. तेथे कंदापेक्षा मोठे, मऊ आणि मुबलक असे फळ त्यांच्या हाती लागले. कोरलेला भोपळा ही अशी उपासमारीने हाकललेल्या शेतकऱ्यांची आठवण आहे. तिच्या मुळाशी ना कोणती कंपनी होती, ना कोणते दुकान.

मग आपल्याकडे ह्या सणाशी जुळणारे काही नव्हते काय? भरपूर होते आणि आजही आहे. कार्तिक शुद्ध नवमीला कूष्मांड नवमी म्हणतात आणि आवळी नवमीही म्हणतात. ह्या दिवशी कोहळ्याचे दान करण्याची रूढी आहे. 2025 साली तर ही तिथी 31 ऑक्टोबरच्या सकाळी होती. म्हणजे एकाच दिवशी एका खंडात भोपळा कोरला जात होता आणि दुसऱ्या खंडात कोहळा दान दिला जात होता. ह्यात चमत्कार काही नाही. पावसाळ्याच्या आरंभी लावलेला वेल शंभर-सव्वाशे दिवसांनी पक्की फळे देतो आणि सुगीच्या सणात जे पिकते त्यालाच मान मिळतो.

मुलांनी दारोदार फिरून खाऊ गोळा करावा, ही प्रथा तर विदर्भाला मुळीच नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात दुसऱ्या रघूजींच्या काळी, 1806 मध्ये, ह्याची सुरुवात झाली असे सांगतात. त्याच दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. बालाघाटच्या बाजूला आणि आमच्याकडील काही गावांत ह्याच प्रथेला नारबोद म्हणतात. पहाटे नारबोदेचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतात आणि गावातील इडापीडा, रोगराई, डास-ढेकूण सारे घेऊन जाण्याचे तिला ओरडून सांगतात. भयाला आकार द्यावयाचा आणि मग त्याची वाजत-गाजत बोळवण करावयाची, ही माणसाची फार जुनी युक्ती आहे. ती आयर्लंडच्या शेतकऱ्याला सुचली, तशीच झाडीपट्टीच्या शेतकऱ्यालाही सुचली.

तेव्हा देशी विरुद्ध विदेशी ही विभागणी येथे उपयोगी पडत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दुसरीच विभागणी महत्त्वाची वाटते. ह्या सणात मूल कर्ता आहे की गिऱ्हाईक आहे?

अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2023 मध्ये त्या देशाचा हॅलोविनवरील खर्च 12.2 अब्ज डॉलर होईल असा अंदाज दिला होता. ह्यात पोशाख, मिठाई, सजावट आणि शुभेच्छापत्रे ही मुख्य खाती असतात. एवढ्या रकमेत शेतकऱ्याचा भोपळा कोठेतरी कोपऱ्यात असतो. शिवाय तेथे कोरण्यासाठी पिकविलेले भोपळे आकाराने मोठे व दिसावयास देखणे असले तरी खाण्यास बेचव असतात. त्यांतील बहुतेक सण संपताच कचऱ्यात जातात. शेतकऱ्यांचा सण विक्रेत्यांच्या हाती गेला म्हणजे काय होते, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

जेम्स ड्यूझेनबेरी ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1949 मध्ये असे दाखवून दिले की, माणूस किती खर्च करतो हे केवळ त्याच्या उत्पन्नावर ठरत नाही. शेजारी काय करतो ह्यावरही ते ठरते. ह्याला 'प्रदर्शन परिणाम' म्हणतात. पुढे 1953 मध्ये राग्नार नर्क्से ह्यांनी हा विचार राष्ट्रांना लावला. श्रीमंत देशांचे उपभोगाचे नमुने गरीब देशांत आधी पोहोचतात आणि त्यांना पेलणारी उत्पादनशक्ती मागाहून येते, किंवा येतच नाही. परिणामी बचत आणि भांडवलनिर्मिती खुंटते. त्या काळी हा परिणाम चित्रपट व मासिके ह्यांतून होत असे. आज तो मुलाच्या हातातील मोबाईलमधून, शेजाऱ्याची वाट न पाहता थेट घरात होतो. प्लास्टिकचा भोपळा विकत घेणारा बाप अमेरिकेचे उत्पादनतंत्र आणीत नाही. तो तेथील गिऱ्हाइकाची सवय तेवढी आणतो. आपल्याकडे 'आवळा देऊन कोहळा काढणे' ही म्हण आहे. बाजाराने ती शब्दशः खरी केली आहे. त्याने मुलाला एक संध्याकाळची गंमत दिली आणि तिच्या मोबदल्यात मुलाच्या हातचे करणेच काढून घेतले.

परंतु ह्या न्यायासनासमोर आपल्या सणांनाही उभे करावयास हवे. तान्हा पोळ्याचा लाकडी बैल पूर्वी गावचा सुतार उरल्यासुरल्या लाकडातून करून देई आणि त्याला बैते म्हणून धान्य मिळे. आता बैल बाजारातून येतो. मोठ्या बैलाचा मान मोठा आणि मोठ्या बैलाची किंमतही मोठी. उत्कृष्ट वेशभूषेच्या स्पर्धा होतात. त्यांत भाड्याने आणलेला पोशाख जिंकतो आणि ज्याच्या घरी भाड्याला पैसे नाहीत ते मूल प्रेक्षकांत उभे राहते. हा सण शंभर टक्के आपला आहे, तरीही त्यात मूल गिऱ्हाईकच झाले आहे. तेव्हा संस्कृतिरक्षकांनी हॅलोविनवर बोट दाखविताना आपल्या अंगणातही एकदा पाहावे.

आता कोरण्याच्या कामाकडे येतो. आमच्या मोहल्ल्यातील सात-आठ मुले दोन वर्षांपासून घरच्या वाडीतील कोहळे कोरतात. ह्या मुलांना हॅलोविन टीव्हीमुळे माहीत झाला होता आणि कोहळा जन्मापासून माहीत होता. दोहोंची गाठ त्यांनीच घातली. आम्ही मोठ्यांनी एवढीच अट ठेवली की, कोहळा विकत आणावयाचा नाही आणि कोरलेला गर टाकावयाचा नाही. ही एक अट पाळली की बाकीचे सर्व शिक्षण तिच्यातून आपोआप निघते, असा आमचा अनुभव आहे.

विकत आणावयाचा नाही म्हटल्यावर काम मृगाच्या पावसापासून सुरू करावे लागते. खताच्या खड्ड्याच्या कडेला आळे करून बी लावावे लागते. दोन पाने फुटतात न फुटतात तोच लाल भुंगेरे त्यांवर तुटून पडतात. मग आजीकडून कळते की सकाळी पानांवर दंव असताना चुलीची राख भुरभुरावी. पुढे वेलाला फुले येतात, पण फळ धरत नाही आणि मुले निराश होतात. कारण पहिली फुले नर असतात. मादी फुलाच्या तळाशी इवलेसे फळ असते आणि ते फूल सकाळी काही तासच उमललेले राहते. मधमाश्या कमी झाल्या असतील तर नर फुलाचे पराग मादी फुलाला हाताने लावावे लागतात. हा धडा पाठ्यपुस्तकात चित्रासह दिलेला असतो. वेलापाशी मात्र तो चुकला तर कोहळाच मिळत नाही. ज्या परीक्षेत भोपळा मिळणे हे यश आहे अशी ही एकच परीक्षा असावी!

कोरण्याचे काम दिसावयास सोपे व प्रत्यक्षात नाजूक असते. देठ असलेला, टणक सालीचा, पक्का कोहळा घ्यावा. देठाभोवतीचे झाकण सरळ न कापता तिरपे कापावे, म्हणजे ते पुन्हा ठेवल्यावर आत पडत नाही. हे कापणे मोठ्या माणसाने करावे. साल कठीण असते आणि चाकू निसटतो. त्यानंतरचे काम मुलांचे. चमच्याने गर व बिया खरवडून काढाव्यात आणि ज्या बाजूला तोंड कोरावयाचे ती बाजू आतून बोटभर जाडीची होईपर्यंत पातळ करावी. कोळशाने डोळे, नाक, दात आखावेत. झाकणाला धूर जाण्यापुरते भोक ठेवावे, नाहीतर पणती विझते. पणती का विझते हे कोणी न सांगता मुलांना समजते. आमच्याकडील उष्म्यात कोरलेला कोहळा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. म्हणून ज्या संध्याकाळी लावावयाचा त्याच दिवशी तो कोरावा आणि गर त्याच दिवशी चुलीवर जावा. बिया धुऊन वाळवाव्यात. निम्म्या भाजून खाव्यात आणि निम्म्या पुढील मृगासाठी राखाव्यात. दुसऱ्या दिवशी रिकामे कवच गाईपुढे टाकावे. विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणून आपण ज्या वैराचा उल्लेख करतो, त्यातून अशी एक संध्याकाळ व पाच-सहा घरांची भाजी निघते.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मी टाळू इच्छीत नाही. ज्या देशात मुले उपाशी झोपतात तेथे अन्नाची खेळणी करावीत काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे आणि 36.1 टक्के मुले वजनाने कमी आहेत. हे आकडे समोर असता अन्नाच्या नासाडीला गंमत म्हणणे हा अपराधच होय. म्हणूनच गर टाकावयाचा नाही ही अट मी मूलभूत मानतो. आपला कोहळा खाण्याचा आहे. त्याच्या लालसर गरात शरीरात 'अ' जीवनसत्त्व होणारे द्रव्य विपुल असते. ह्या जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना अंधत्व येते, म्हणून भारत सरकारने 1970 पासून प्रतिबंधक कार्यक्रम चालविला आहे. मुलांना मात्र कोहळ्याची भाजी आवडत नाही, अशी प्रत्येक घरची तक्रार असते. आम्ही असे पाहिले की, जो कोहळा मुलाने स्वतः वाढविला आणि कोरला, त्याची भाजी ते मागून घेते. आवड ही केवळ जिभेची गोष्ट नाही. श्रमाचाही तिच्यात वाटा असतो.

कोरलेला भोपळा हे केवळ मुलांचे खेळणे आहे असेही कोणी समजू नये. आमगावहून रेल्वेने पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात छत्तीसगड लागते. त्या राज्याच्या दक्षिण टोकाला बस्तर आहे. तेथील आदिवासी कारागीर वाळविलेल्या दुध्या भोपळ्यावर, म्हणजे तुम्यावर, तापविलेल्या लोखंडाने नक्षी उमटवितात आणि त्याला छिद्रे पाडून दिवे करतात. आमच्याकडील गोंड शेतकरीही शेतावर पाणी नेण्यासाठी तुंबा वापरीत आले आहेत. राज्याच्या दुसऱ्या टोकाला मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी व तंबोरे तयार होतात. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठचे शेतकरी पिकवितात. कारागीर ते वाळलेले फळ भिजवून, कापून, आतून साफ करून त्यातून नाद काढतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एकाच कुळातील फळातून बस्तरचा दिवा, वारकऱ्याची वीणा आणि मैफलीचा तंबोरा होतो. आमच्या मोहल्ल्यातील मुलांनी कोरलेले वेडेवाकडे दात ह्याच विद्येची पहिली इयत्ता आहेत.

हाताच्या कामातून शिक्षण द्यावे हा विचार आमच्या विदर्भातच मांडला गेला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी तिचे अध्यक्ष होते आणि तेथून झाकिर हुसेन समितीच्या अहवालाद्वारे नई तालीम देशापुढे आली. सेवाग्रामला 2005 पासून आनंद निकेतन ही शाळा त्या विचाराने पुन्हा चालू आहे आणि तेथील मुले शेती हा अभ्यासाचाच भाग मानतात. बाकीच्या शिक्षणव्यवस्थेने नई तालीम जयंती-पुण्यतिथीपुरती ठेवली. आता त्याच व्यवस्थेने 'प्रकल्प' नावाचा प्रकार काढला आहे. त्यात पालक दुकानातून तयार साहित्य आणतात, रात्री जागून चिकटवितात आणि सकाळी मूल ते शाळेत नेऊन गुण मिळविते. प्लास्टिकचा भोपळा ही ह्याच पद्धतीची पुढची पायरी आहे.

हात आणि भय ह्यांचाही एक संबंध आहे आणि आमच्या भागापुरता तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाश्चात्त्य देशांत चेटकिणीचा टोकदार टोपीचा वेष ही आज निव्वळ गंमत आहे. आमच्याकडे ती गंमत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे करणीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. शेजारच्या छत्तीसगडाला टोनही ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध 2005 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला तो 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. ज्या भूमीत एखादी एकटी विधवा अजूनही चेटकीण ठरू शकते, त्या भूमीत पाच वर्षांच्या मुलीला बाजारातून आणलेला चेटकिणीचा वेष चढवून टाळ्या वाजविणे, हे अज्ञान आहे. शाळाचालकांनी ह्याचा विचार करावा. आणि मारबत किंवा नारबोद मिरविताना, इडापीडेला आपणही बहुधा बाईचेच रूप देतो, ह्याचा विचार आपणही करावा.

कोहळा कोरणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी असते. त्याने त्या 'भुता'चे दात स्वतः आखलेले असतात, त्याच्या पोटातील बिया स्वतः मोजलेल्या असतात आणि त्याच्या डोळ्यांत चमकते ती घरातीलच पणती आहे हे त्याला ठाऊक असते. अंधारात तो कोहळा पाहून धाकटी भावंडे दचकतात तेव्हा हेच मूल झाकण उचलून त्यांना आतले दाखविते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे व्याख्यान मी अनेकदा ऐकले आणि दिलेही आहे. झाकण उचलून दाखविण्याइतके परिणामकारक व्याख्यान मला आठवत नाही. भय हे कोणीतरी तयार केलेले असते आणि जे तयार केलेले असते ते उघडून पाहता येते, हा भ्रमाचा भोपळा फोडणारा धडा आठव्या-नवव्या वर्षी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

नागपूरच्या मिरवणुकीतील बडग्यांनी हेच काम प्रौढांसाठी केले आहे. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासून आणि पिवळीची 1885 पासून सांगतात. त्यांच्याबरोबर निघणारे बडगे मात्र दरवर्षी नवे असतात. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी बेरोजगारीचा. गल्लीबोळांतील मुलेही छोटे बडगे करतात. आमच्या मुलांपैकी एकाने गेल्या खेपेस कोहळ्याला मिशा कोरल्या आणि हा धानाला भाव न देणारा व्यापारी आहे असे सांगितले. ते त्याला कोणी शिकविले नव्हते. घरात जे बोलणे चालते तेच त्याने कोरले. तयार मुखवट्यात हे स्वातंत्र्य नसते. त्यावर कारखान्यात ठरलेले एकच हास्य असते.

ह्या सर्व विवेचनावर समाजवादी वाचक एक प्रश्न विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. घरची वाडी कोणाला आहे? भूमिहीन मजुराच्या झोपडीला वेल चढविण्याइतके अंगण नसते. गावठाणात घरकुले एकमेकांना खेटून उभी राहिली आहेत. ज्याच्याजवळ जागा आहे त्याच्या मुलाने कोहळा वाढवावा आणि बाकीच्यांनी बघावे, असे झाले तर आपण प्लास्टिकच्या जागी फक्त दुसरी विषमता आणू.

ह्याचे उत्तर गावच्या शाळेच्या आवारात आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2019 मध्ये शालेय पोषण परसबागांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार मुलांनी शाळेत भाजीपाला लावावा व तो पोषण आहाराच्या भांड्यात जावा, असे अपेक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने शिजविलेले जेवण हा शाळकरी मुलांचा हक्क ठरला. परसबाग ही त्या हक्काची पुरवणी आहे. शाळेच्या कुंपणावर चढलेला कोहळ्याचा वेल कोणा एकाचा नसतो. तो भूमिहीनाच्या मुलीचा तितकाच, जितका पाटलाच्या मुलाचा. त्याची फुले हाताने फळविणे, त्याचे वजन करून सरासरी काढणे, तो कोरणे आणि त्याचा गर खिचडीत घालणे, ह्या चारही कामांत सर्वांना सारखा वाटा मिळतो. वाडी नसलेल्या मुलासाठी सार्वजनिक शाळा हीच वाडी होय.

म्हणूनच ही वाडी जाऊ न देणे महत्त्वाचे आहे. 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या राज्यात सुमारे 15 हजार होती आणि त्यांतील पुष्कळ शाळा डोंगराळ व वनव्याप्त भागांतील होत्या. हिशेबनिसाला पटावरील आकडा आणि शिक्षकाचा पगार दिसतो. शाळेबरोबर गावातील गरिबांच्या मुलांची एकमेव सामाईक जमीनही जाते, हे त्याच्या वहीत कोठेच येत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचेही असेच आहे. प्लास्टिकचा भोपळा विकला गेला की तो त्यात मोजला जातो. घरी पिकविलेला कोहळाही तत्त्वतः त्यात धरतात. मात्र आजीने नातवाला राख भुरभुरावयास शिकविले, शेजारणीने सहा मुलांना बसवून गर काढून घेतला, ह्याला त्यात स्थान नाही. जे मोजले जात नाही ते नाहीच, असे समजून धोरणे आखली जातात आणि आपणही हळूहळू तसेच समजू लागतो.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझी सूचना अगदी साधी आहे. हॅलोविनविरुद्ध पत्रके काढण्यात शक्ती घालवू नये आणि त्याची नक्कल करण्यातही घालवू नये. येत्या मृगात आपापल्या गावच्या शाळेच्या कुंपणालगत, सेवा दलाच्या शाखेच्या मैदानाकडेला, अंगणवाडीच्या मागे, कोहळ्याच्या दहा बिया मुलांच्या हातून लावाव्यात. शिक्षक व स्वयंपाकी ताई ह्यांना आधीच सामील करून घ्यावे, म्हणजे गराचे काय करावयाचे हा प्रश्न ऐनवेळी उभा राहत नाही. चाकूचे काम मोठ्यांनी करावे, बाकीच्यात लुडबूड करू नये. दिवस कोणता धरावा हे मुलांवर सोपवावे. 31 ऑक्टोबर म्हणोत, कोजागिरी म्हणोत की कूष्मांड नवमी. नाव कोणते द्यावे हेही त्यांनाच ठरवू द्यावे. चेहरे कोणाचे कोरले आहेत ते मात्र लक्ष देऊन पाहावे. गावात कोणाची भीती आहे आणि कोणाची चीड आहे, हे त्यावरून कळते. आणि शाळा बंद करण्याचा प्रस्ताव घेऊन कोणी अधिकारी आलाच, तर त्याला आधी त्या वेलापाशी न्यावे आणि त्याची फळे कोणाकोणाच्या ताटात जातात ते मुलांकडूनच सांगवावे.